पलंगातून भुकटी पडतेय, दुकान कोल्हापुरात, आम्ही बेळगावात: तक्रार कुठे करायची?

मार्कंडेयकाठ

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. इथे सीमाभागातली बरीच माणसं आहेत आणि लग्नाकार्याची, घरासामानाची निम्मी खरेदी आपण सगळेच कोल्हापुरात करतो, म्हणून हे इतरांनाही लागू पडेल.

आम्ही कंग्राळीत राहतो. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे जरा उंच पलंग हवा होता. दिवाळीआधी कोल्हापुरातल्या एका दुकानातून घेतला. बिलावर 'सागवानी डबल बेड, बॉक्ससह, ५८,००० रु.' असं स्पष्ट लिहिलंय. टेम्पोभाडं वेगळं दिलं. पैसे निम्मे यूपीआयने, निम्मे रोख, पण बिल पूर्ण रकमेचं आहे, जीएसटी क्रमांकासह.

फेब्रुवारीत गादी उन्हात टाकायला काढली तर बॉक्समधल्या चादरींवर मैद्यासारखी बारीक भुकटी. झाडून घेतली, आठवड्याभरात पुन्हा तितकीच. बॅटरी लावून पाहिलं तर आतल्या आडव्या पट्ट्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल गोल भोकं. एका पट्टीत तर नख रुततं. डोक्याकडची फळी मात्र ठणठणीत आहे.

दुकानदाराला फोटो पाठवले. तो म्हणतो, "ताई, तुमच्या घरात वाळवी आहे, त्याला आम्ही काय करणार?" वर बिलाच्या तळाची छापील ओळ वाचून दाखवली, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आता फोनही उचलत नाही. घरातले म्हणतात परराज्यातलं दुकान, कोर्टकचेरी करायला कोल्हापूरला खेपा घालणार का, सोडून दे. मला सोडायचं नाहीये. सासूबाई त्या पलंगावर झोपतात, उद्या पट्टी मोडली तर?

तक्रार कोल्हापुरात करावी लागेल की इथे चालेल? आणि वाळवी नाही हे मी सिद्ध कसं करू?

निपाणकर

ताई, अनुभवाने सांगतो, भांडून काही हाती लागत नाही. निपाणीचा एखादा सुतार गाठा, पट्ट्या बदलून घ्या, चार-पाच हजारात काम होईल. आमच्या शेजाऱ्यांनी कपाटासाठी असंच ताणून धरलं होतं, शेवटी कंटाळून सोडलं.

अनगोळकर

निपाणकर, असं सगळ्यांनीच सोडल्यामुळे ती छापील ओळ बिलावरून हलत नाही. ताई, तुम्ही सोडू नका. इथे काळा कोट आहेत, त्या नक्की लिहितील.

काळा कोट

आलेच. मी बेळगावात वकिली करते, ग्राहकांची प्रकरणं बघते.

पहिलं म्हणजे, कोल्हापूरला जायची गरज नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात विक्रेता जिथला असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथेच तक्रार करावी लागायची, त्यामुळे घरच्यांची भीती काही हवेतली नाही. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाचाही पर्याय दिला. तुम्ही कंग्राळीत राहता, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. नोटीस कोल्हापूरला जाते आणि उत्तर द्यायला त्यांनी इथे यायचं. कायदा केंद्राचा आहे, सीमेच्या अलीकडे नि पलीकडे एकच. आपल्या भागातल्या माणसाला या एका कलमाएवढा उपयोगी बदल दुसरा कुठला झालेला मला तरी माहीत नाही, आणि तोच सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे.

दुसरं, ती छापील ओळ. मन बदललं, रंग आवडला नाही, माप चुकलं, अशा वेळी दुकानदार ती दाखवू शकतो. माल सदोष निघाला तर तिचा आधार त्याला मिळत नाही. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला हवं. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे, हे बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

तिसरं, मुदत. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं (कलम ६९). तुमच्याकडे वेळ आहे, पण भुकटी पहिल्यांदा दिसली ती तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लावायचं बंधन नाही, स्वतः बाजू मांडता येते.

सुरुवात मात्र लेखी पत्राने करा. फोनवरचं बोलणं हवेत जातं. घडलेलं सगळं तारखांसह लिहा, पैसे परत हवेत की पलंग बदलून हवा ते स्पष्ट मागा, १५ दिवसांची मुदत द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय). तेच पत्र व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही टाका.

सागवानी अण्णा

खानापूरला आमचा लाकडाचा धंदा होता, आता मुलगा बघतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण दुकानदार जे म्हणालाय ते लाकूड ओळखणारा माणूस म्हणणार नाही.

वाळवी येते ती जमिनीतून किंवा भिंतीतून, ओलाव्याच्या वाटेने. ती आली की मातीच्या नळ्या दिसतात, भिंतीवर, पलंगाच्या पायावर. आतून खाल्लेल्या लाकडात माती भरलेली असते. तुमच्याकडे मातीचं नावही नाही, मैद्यासारखी कोरडी भुकटी आहे आणि गोल भोकं आहेत. हा लाकूड पोखरणारा भुंगा. त्याची अंडी पडतात ती कच्च्या, नीट प्रक्रिया न केलेल्या लाकडात, वखारीत नाहीतर कारखान्यातच. अळी आत महिनोन् महिने खात राहते आणि भुंगा होऊन बाहेर पडताना भोक पाडते. म्हणजे भोक तुमच्या घरी दिसलं तरी किडा बहुतेक पलंगाबरोबरच आला.

अजून एक. हा किडा सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. त्याला लागतो पिष्ट असलेला बाहेरचा पांढरा भाग, नाहीतर आंबा, रबरवुड असली मऊ लाकडं. डोक्याकडची फळी ठणठणीत आणि आतल्या पट्ट्या पोखरलेल्या, याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे. दर्शनी भाग सागाचा, आतला सांगाडा दुसऱ्या लाकडाचा किंवा सागाच्या पांढऱ्या भागाचा. बिलावर तर आख्खा पलंग सागवानी आहे.

काय करा, पट्टीखाली काळा कागद पसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर भुकटीच्या बारीक ढिगल्या दिसतील, बरोबर भोकांखाली. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, भोकाचा आकार कळतो. थोडी भुकटी आणि पोखरलेल्या पट्टीचा तुकडा झाकणाच्या डबीत ठेवून द्या. पलंगाचे चारही पाय आणि मागची भिंत यांचेही फोटो काढा, मातीची नळी नाही हे दिसलं पाहिजे. आणि औषध मारू नका इतक्यात. मारलं की पुरावा गेला.

काळा कोट

अण्णांनी जे लिहिलंय त्याने तक्रार दुप्पट भक्कम झाली. आता दोन मुद्दे झाले. एक, वस्तूत दोष. दोन, वर्णनाप्रमाणे माल नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. किडा कुठून आला यावर दुकानदार वाद घालेल, पण सांगाडा कुठल्या लाकडाचा यावर फार वाद घालता येत नाही. बंगळुरूला काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे, केंद्र सरकारच्या वनसंशोधन परिषदेची. तिथे नमुना पाठवून लाकूड कोणतं ते तपासून घेता येतं. आयोगसुद्धा कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडे नमुना पाठवू शकतो, तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असते.

चिकोडीची लेक

अण्णा, काका म्हणू की अण्णाच म्हणू, तुमचं लिहिणं वाचून मी आत्ता उठून आमच्या दिवाणाखाली बघून आले. भुकटी नाही, देवाची कृपा.

माझा प्रश्न वेगळा आहे. सोफा ऑनलाइन मागवला होता. चिकोडीपर्यंत आला, खोकं फोडलं तर एका पायाला चीर. परत करायची मुदत ७ दिवसांची होती. आम्ही गावी जत्रेला गेलो होतो, खोकं फोडलं नवव्या दिवशी. आता ॲपवर परत करायचं बटणच दिसत नाही. संपलं का सगळं?

काळा कोट

नाही संपलं. २०२० चे ई-कॉमर्सचे वेगळे नियम आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल तर ऑनलाइन विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्या ७ दिवसांमागे त्यांना कायमचं लपता येणार नाही. ॲपचं बटण सोडा. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याला ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उशीर का झाला तेही खरं खरं लिहा. सोफ्यावर बसू नका, खोकं आणि त्यावरचं लेबल टाकू नका. पुढच्या वेळी कधीही आलं तरी खोकं फोडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून.

अनगोळकर

सोफ्यावरून आठवलं. फोमची फसवणूक लाकडापेक्षा जास्त चालते, कारण ती शिलाईच्या आत असते. '४० डेन्सिटी' सांगून ३२ किंवा त्याहून हलका फोम घालतात, वर्षाभरात बैठक बसते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन, एवढंच. त्यामुळे घरी तपासता येतं. गादीची चेन उघडा, फोम बाहेर काढा, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. २ फूट बाय २ फूट, ५ इंच जाडीची बैठक असेल तर ४० डेन्सिटीचा फोम सुमारे १ किलो ९०० ग्रॅम भरतो, ३२ चा दीड किलो. फरक सरळ दिसतो. माझ्या मेहुण्यांनी काट्यावरचा फोटो दुकानदाराला पाठवला, चार दिवसांत सगळे फोम बदलून मिळाले. फक्त बिलावर डेन्सिटी लिहून घेतलेली होती म्हणून. लिहिलेली नसती तर काटा काय बोलणार?

निपाणकर

मी वर सोडून द्या म्हणालो ते ताईंची दगदग होऊ नये म्हणून. पण मॅडम, खरं सांगा, निकाल किती दिवसांत लागतो? आमच्या शेजाऱ्यांचं तारखांवर तारखा पडूनच फिसकटलं.

काळा कोट

योग्य प्रश्न आहे. कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल लावावा. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, हे मी लपवणार नाही. पण दोन गोष्टी आहेत. दुकानदाराला लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबद्दल सांगितलं की ४५ दिवसांपुढे वाढ नाही. त्यामुळे उत्तरच न देता वर्षभर टाळणं आता जमत नाही. दुसरं, बरीच प्रकरणं निकालापर्यंत जातच नाहीत. बेळगावच्या आयोगाची नोटीस कोल्हापूरच्या दुकानात पोचली की तडजोडीचा फोन येतो, कारण इथे येऊन लढणं त्याला पलंगापेक्षा महाग पडतं. पूर्वी हाच हिशेब ग्राहकाच्या विरुद्ध जायचा.

निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ आहे. एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, काळ्या कागदाचा उपाय केला. सकाळी बघते तर प्रत्येक भोकाखाली बारीक ढीग. फोटो काढून ठेवलेत, तुकडा डबीत आहे, भिंतीवर मातीचा मागमूस नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहिला. मराठीत बोलता आलं, हे मला फार मोलाचं वाटलं. माझं कन्नड बाजारहाटापुरतं आणि इंग्रजीत तक्रार सांगायची म्हटलं तर निम्मं राहून जातं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला.

आता दुकानातून एकदाचा फोन आला. म्हणतात माणूस पाठवून औषध मारून देतो. हो म्हणू का?

सागवानी अण्णा

नको, ताई. वरून मारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत नीट पोचत नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत भुकटी दिसेल आणि तेव्हा तो म्हणेल आम्ही तर दुरुस्त करून दिलं होतं. सांगाड्याच्या सगळ्या पट्ट्या सागाच्या बदलून देत असेल तर विचार करा. किडलेली तेवढीच नाही, सगळ्या.

पण दुकानदारांच्या बाजूनेही एक सांगतो. माझ्याकडे जून-जुलैत दहा जण तरी यायचे, कपाटाचा दरवाजा अडकतो म्हणून. खानापूर, बेळगावचा पाऊस असा की कसलंही लाकूड ओल धरतं आणि फुगतं. दसऱ्यापर्यंत आपोआप बसतं. तो दोष नव्हे. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत सांध्याला केसाएवढी फट पडली तर तीही नव्हे. मात्र फळीला आरपार चीर गेली, दरवाजा पिळला गेला, पाय डुगडुगायला लागला, तर लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं किंवा सांधा कच्चा होता. तिथे बोलायचा हक्क आहे. प्रामाणिक दुकानदाराला उगाच आयोगात ओढू नका, एवढंच म्हणणं.

काळा कोट

अण्णांशी सहमत. ताई, औषधाचा प्रस्ताव लेखी नाकारा, कारणासह. कलम ३९ मध्ये आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा व्याजासह पैसे परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाई. तुम्ही आता जे मान्य कराल ते कागदावर येऊ द्या, 'काम पूर्ण, तक्रार नाही' अशा कुठल्याही चिठ्ठीवर काम बघितल्याशिवाय सही करू नका.

आणि १९१५ ची नोंद म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. हेल्पलाइन समेट घडवायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही, आणि २ वर्षांची मुदत तिथे नोंद केली म्हणून थांबत नाही. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करा, किंवा आयोगाच्या कार्यालयात कागद द्या. तक्रार, शपथपत्र, बिल, पत्राची पोच, फोटो. मराठीतल्या कागदांना इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. नाहीतर तेवढ्यासाठी एक तारीख वाया जाते. आपल्याकडे असं फार होतं आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तक्रार खरी असते.

खानावळवाली

मी नवीन आहे इथे. संकेश्वरला माझी छोटी खानावळ आहे. गेल्या वर्षी वीस लाकडी खुर्च्या घेतल्या, सहा मोडल्या. एक गिऱ्हाईक पडलं, नशीब लागलं नाही. दुकानदार म्हणतो, "धंद्यासाठी घेतल्या, तुम्हाला ग्राहक कायदा नाही." खरं का हे? आणि खुर्च्या हप्त्यावर आहेत, हप्ते थांबवू का?

काळा कोट

अर्धं खरं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, हे कायद्यातच स्पष्टीकरण दिलेलं आहे. खानावळ तुम्ही स्वतः चालवता ना, वहिनी? मग तक्रारीत तेच पहिल्या परिच्छेदात लिहा, की ही माझ्या उपजीविकेची खानावळ आहे, मी स्वतः स्वयंपाक करते. हे वाक्य राहून गेलं तर दुकानदाराचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल.

हप्ते थांबवू नका. कर्ज देणारी कंपनी वेगळी, तिच्याशी करार वेगळा. हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिल खराब होतं, खुर्चीवाल्याचं काहीच बिघडत नाही. हप्ते भरत राहा, आणि तक्रारीत खुर्च्यांच्या किमतीबरोबर भरलेलं व्याजही मागा.

खानावळवाली

स्वयंपाक मीच करते, सून मदतीला असते. मोडलेल्या खुर्च्या माळ्यावर ठेवल्यात, विकल्या नाहीत.

सागवानी अण्णा

चांगलं केलंत. मोडलेल्या सांध्याचा जवळून फोटो टाका इथे. खिळा ठोकून जोडलंय की लाकूड लाकडात बसवलंय, ते बघून मी सांगतो.